तळ्याकाठच्या रस्त्याने आलेलं चर्च

११ सप्टेंबर २०१८, मंगळवार

नवं काम हाती घेतलं की नवी वही काढायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय. सुतारकाम सोडून सहा वर्षं झाली तरी ती सुटलेली नाही. म्हणून ही वही.

या वेळचं काम सुतारकीचं नाही. रेव्हरंड पेट्रा दुपारी एक पेटी घेऊन आल्या. सेंट बार्नबस चर्चचा इतिहास लिहायचं काम लॉरेटाकडे होतं. लॉरेटा म्हणजे माझी बायको. फेब्रुवारीत ती गेली आणि इतिहास अर्धाच राहिला. चर्च नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी कायमचं बंद होणार आहे. आता जेमतेम अकरा जण येतात, त्यातले चौघे काठी टेकत. त्या दिवशी लोकांच्या हातात निदान इतिहासाची पुस्तिका तरी द्यावी असं ठरलंय.

मी म्हटलं, "मला लिहिता येत नाही. मी फळ्या जोडणारा माणूस. आणि मी चर्चला कधी येतो ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे ना. ख्रिसमसला, ईस्टरला आणि छप्पर गळायला लागलं की."

"मग?"

"पेटीवर तुमचं नाव आहे, एल्डन."

नाव असणारच. पेटी माझ्याच जुन्या हत्यारांची. 'ए. रस्क' ही अक्षरं मीच १९७१ साली तापलेल्या सळईने त्यावर डागली होती. माळ्यावर एवढी खोकी पडलेली असताना लॉरेटाने कागद ठेवायला हीच का घेतली देव जाणे. पण पेट्रा एवढ्या आशेने बघत होत्या की मी पेटी ठेवून घेतली. बिचाऱ्या तीन गावांची तीन चर्चं एकटीने सांभाळतात.

जाताना बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं कालवण, ठेवून गेल्या. या वर्षातलं चौदावं. त्यांना कुणीतरी पोत्यांनी बटाटे आणून देत असावं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

पेटी उघडली. लॉरेटाचं अक्षर. पेटी बंद केली. छपराच्या पन्हळीत पानं साचली होती, ती काढली.

१५ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा उघडली. दोन प्रकरणं स्वच्छ लिहून तयार आहेत. १८७६ साली चर्च बांधलं ते टर्न लेकच्या पूर्व काठावर, जुन्या धक्क्यापाशी. लाकूड तळ्याच्या उत्तरेच्या जंगलातलं. १८८३ साली रेल्वे आली ती पश्चिम काठाने. झालं, सगळं गावच उठून पलीकडे गेलं आणि चर्च एकटं मागे राहिलं.

तिसऱ्या प्रकरणाचं नाव 'बर्फावरून'. त्याखाली कोरं पान.

ते कोरं का ठेवलं कळत नाही, कारण या गावात शेंबड्या पोरालाही तेवढीच गोष्ट पाठ असते. फेब्रुवारी १८८४. बोटीचे कप्तान जोसाया वेल्डन यांनी अख्खं चर्च घंटेसकट घसरगाड्यांवर चढवलं आणि चोवीस बैल जुंपून गोठलेल्या तळ्यावरून या काठाला आणलं. गावाच्या वेशीवरच्या फलकावर तेच चित्र आहे. दर फेब्रुवारीत शाळेतली मुलं पुठ्ठ्याचं चर्च बर्फावरून ओढतात. लॉरेटा तीस वर्षं त्या शाळेत शिकवत होती, ते पुठ्ठ्याचं चर्च दरवर्षी तीच रंगवायची. अर्ध्या तासात लिहून झालं असतं तिचं.

मीच लिहीन. वेळ लागणार नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार

वेळ लागतोय. एक वाक्य तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा बैलांपाशी अडलो.

आज चर्चमधली बाकं बघायला ब्रॅडॉकहून माणसं आली. ब्रॅडॉक इथून पंचेचाळीस मैल. तिथल्या मांसाच्या कारखान्यात सुदानहून आलेली डिंका लोकांची शंभरेक कुटुंबं काम करतात. ती आपल्याच पंथाची. गेली अकरा वर्षं लुथरन चर्चच्या तळघरात दर रविवारी दुपारी त्यांची उपासना चालते. बाकं, घंटा आणि बाप्तिस्म्याचं कुंड त्यांना द्यायचं ठरलंय. पेट्रांनी मला किल्ली घेऊन हजर राहायला सांगितलं होतं.

त्यांची पुढारी एक बाई. आयेन माबिओर. पन्नाशीची, उंच, कारखान्यात सुरी चालवते म्हणून मनगटं लोहारासारखी. तिने बाकांकडे पाहिलंच नाही. मधोमध उभी राहिली, मान वर केली आणि एक लांबलचक सूर लावला. छताच्या लाकडाने तो सूर झेलला आणि परत दिला. तिच्याबरोबरचे पुरुष हसले.

मला म्हणाली, "बाबा, ही इमारत कोण घेणार?"

"कोणी नाही. जोत्यावरची तुळई कुजलीय. तपासनीसाने पाडायला सांगितलंय."

"मग आम्हीच घेतो."

"अहो बाई, इमारत म्हणजे काय बाक आहे, गाडीत टाकून न्यायला?"

जरा तुसडेपणानेच बोललो. तिला राग आला नाही. म्हणाली, "तुम्ही लोक इमारतीला फार घाबरता."

आणि बाबा कसला? आम्हाला मूलबाळ नाही. पण आयुष्यभर न ऐकलेला शब्द तेव्हाच्या तेव्हा दुरुस्त करायचं सुचलं नाही.

१३ ऑक्टोबर, शनिवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी बाकांचे स्क्रू काढायला गेलो. उत्तरेकडचं शेवटचं बाक भिंतीच्या अस्तराला ठोकलेलं होतं. ते काढताना अस्तराची एक फळीही निघून हातात आली. मागच्या बाजूला लाल रंगात आकडा. ३७. शेजारची काढली. ३८. तिसरी काढली. ३९.

तुळयांच्या सांध्यांवर छिन्नीने आकडे कोरलेले असतात, त्यात नवल नाही. जुने सुतार तसंच करत. पण अस्तराच्या साध्या फळीवर आकडा कोण घालेल? ज्याला ती उतरवून पुन्हा तिथेच लावायची आहे, तोच.

आणि खिळ्यांची भोकं. प्रत्येक ठिकाणी दोन. एकात खिळा, दुसरं रिकामं.

चर्च बर्फावरून आलंच नाही. निदान अख्खं आलं नाही. कुणीतरी ते फळी फळी करून सोडवलं आणि परत उभं केलं.

चाळीस वर्षं मी या इमारतीचं छप्पर शाकारलं, बाहेरून रंगवलं, पण अस्तराची एक फळी कधी काढून बघितली नाही. कारागीर म्हणवून घ्यायची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर इतकी मजा कित्येक महिन्यांत आली नव्हती. जेवायचं राहिलं. पेट्रांचं हॉटडिश गरम करून दोनदा वाढून घेतलं.

१५ ऑक्टोबर, सोमवार

पेटीच्या तळाशी एक चिठ्ठी सापडली. लॉरेटाचंच अक्षर, पण वेडंवाकडं. 'एल्डनला विचारायचं, खिळ्यांची भोकं दोन-दोन का?'

म्हणजे तिला दिसली होती! मग विचारलं का नाही? मी रोज समोर तर बसायचो. चिठ्ठीवर तारीख २६ जानेवारीची. तेव्हा ती हॉस्पिटलात होती आणि तिला पेनही धड धरता येत नव्हतं. अशा वेळी माणसाला खिळ्यांची भोकं कशी सुचतात? पेट्रांना दाखवली चिठ्ठी. त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मीच तिला पेन दिलं होतं," आणि एकदम उठून चहा करायला गेल्या. माझ्याच घरात.

आता पंचाईत अशी की मिस ऑगस्टा वेल्डन अजून जिवंत आहेत. कप्तानाची नात. वय चौऱ्याण्णव. सगळ्या गावाने ज्यांच्या आजोबांना डोक्यावर घेतलंय, त्यांना जाऊन सांगायचं की ते सगळं खोटं होतं? मला जमायचं नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार

गेलो. फळीचा हातभर तुकडा पिशवीत घेऊन.

मिस ऑगस्टा वृद्धाश्रमात खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलास? दोन मैल यायला आठ महिने लागले तुला. बैलांवर बसून आलास की काय?"

मी तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांना फारसं दिसत नाही. त्यांनी बोटाने चाचपून दोन्ही भोकं शोधली.

"सापडलं तर."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या घरचं मला माहीत नसणार? लॉरेटाने चार वर्षांपूर्वी येऊन सरळ विचारलं. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी मेल्यावर लिही. तोवर कुणाला, तुलासुद्धा सांगू नकोस. मी नव्वदची, ती पासष्टची. मला वाटलं, थांबावं लागलं तरी किती लागेल तिला?" त्यांनी रिकाम्या भोकावर बोट ठेवलं. "रांगेत माझा नंबर होता, एल्डन. ती मध्येच घुसली."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. समोर कुणीतरी गाडी फार वाकडी लावली होती.

मग त्यांनी सांगितलं. कप्तानाची मोठी मुलगी लिडिया, एकोणीस वर्षांची, पलीकडच्या काठावर शाळा शिकवायची. १८८३ च्या मार्चमध्ये ती घसरगाडीतून घरी येत होती. बर्फ पातळ झालेला होता. ती सापडली ती एप्रिलमध्ये.

"दुसऱ्या वर्षी चर्च न्यायची सगळी तयारी झाली. चर्च गाड्यांवर चढवलेलं, बैल जुंपलेले. आणि आजोबा येऊन समोर उभे राहिले. म्हणाले, या बर्फावर मी कुणाला जाऊ देणार नाही. लोक म्हणाले, बर्फ दोन फूट जाड आहे. ते म्हणाले, आधी माझ्या अंगावरून बैल घाला. सगळे चिडले, कुणी भेकडही म्हणालं. शेवटी आजोबांनीच लाल रंगाचं डबडं आणून पहिल्या फळीवर आकडा घातला. सहा आठवडे लागले. बायका, पुरुष, सगळ्यांनी मिळून चर्च उतरवलं आणि तळ्याला वळसा घालून रस्त्याने आणलं. अकरा मैल. ईस्टरच्या आदल्या दिवशी छप्पर चढलं."

"मग बर्फाची गोष्ट आली कुठून?"

"वर्तमानपत्रातून. कुणीतरी उत्साहाने बैल पाठवून दिले बर्फावर. खरं सांगायचं म्हटलं असतं तर रस्त्याने का आणलं हेही सांगावं लागलं असतं, आणि आजीसमोर लिडियाचं नाव काढायचं नाही असा घरात नियम होता. आजोबा गप्प बसले. गप्प बसता बसता शूरवीर झाले बिचारे."

मी विचारलं, मग आता काय करू?

"लिही. आणि मी जिवंत असताना वाच. मेल्यावर मला ऐकू यायचं नाही."

४ नोव्हेंबर, रविवार

चर्चची शेवटची उपासना. बिशप आले होते. एकतीस माणसं. ब्रॅडॉकची मंडळी बाकं न्यायला आली होती, ती अदबीने मागे उभी होती. ज्या बाकांवर लोक बसलेत तीच आपण न्यायला आलोय, याचा त्यांना फार संकोच वाटत असावा. आयेनने तर डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढून घेतला होता.

तिसरं प्रकरण मी वाचणार होतो. उठलो, वाचायला लागलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. मिस ऑगस्टा पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "दे इकडे. नाहीतरी मला वाचता येत नाही, मी तोंडीच सांगते." आणि बसल्या जागेवरून त्यांनी सगळं सांगितलं. लिडियाचं नाव त्या चर्चमध्ये एकशे पस्तीस वर्षांनी घेतलं गेलं असेल.

मग मागून एक आवाज आला, "मग वेशीवरच्या फलकावरचे बैल?"

"बैल खरे आहेत," मिस ऑगस्टा म्हणाल्या. "काठावर उभे राहून चारा खात होते."

सगळे हसले. बिशपसुद्धा. काही जण डोळे पुसत हसत होते.

वेदीवरचं कापड काढलं, मेणबत्त्या विझवल्या. बाहेर आलो तर आयेन वाट बघत उभी.

"बाबा, म्हणजे इमारतही नेता येते."

मी कोटाची बटणं लावत राहिलो.

"आकडे अजून आहेत?"

"आहेत."

"मग अडचण काय?"

१ डिसेंबर, शनिवार

अडचणी: माझा गुडघा. जोत्यावरची कुजकी तुळई नवी करावी लागेल. बिशपची समिती. आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे.

आणखी एक आहे, पण ती कुणाला सांगता येण्यासारखी नाही. लॉरेटा चर्चच्या मागच्या अंगणात, दोन मेपलच्या झाडांमध्ये पुरलेली आहे. चर्च पंचेचाळीस मैल गेलं तर ती एकटीच उघड्यावर राहील, असं मनात येतं. मूर्खपणा आहे. ती काही चर्चच्या सावलीला बसलेली नाही.

तरी आज तिथे जाऊन तासभर उभा राहिलो. बर्फ भुरभुरत होता. तिचं मत काय असतं ते मला पक्कं माहीत आहे. फक्त ते तिच्या तोंडून ऐकायची सवय होती.

१७ जानेवारी २०१९, गुरुवार

समितीसमोर बोललो. पाच माणसं, एक लांबलचक टेबल. बोलण्यापेक्षा तीन फळ्या टेबलावर ठेवल्या, उलट्या करून. एकाने विचारलं, "सगळ्या भागांवर आकडे आहेत याची खात्री आहे?" मी म्हटलं, "नाही. अर्धे रंगाखाली गेलेत. पण पहिल्यांदा ज्यांनी हे काम केलं त्यांच्याकडे वीज नव्हती आणि बाहेर बर्फ होता."

मग आयेन उठली. मला वाटलं लांब भाषण करेल. ती एवढंच म्हणाली, "तळघरात आमचे लोक लग्नं लावतात, मुलांचे बाप्तिस्मे करतात आणि मेलेल्यांना निरोप देतात. एकदा खिडकी असलेल्या ठिकाणी करून बघावंसं वाटतं."

होकार मिळाला.

९ फेब्रुवारी, शनिवार

मिस ऑगस्टा काल झोपेत गेल्या. बुधवारीच मी त्यांना तिसरं प्रकरण दुसऱ्यांदा वाचून दाखवलं होतं. दोन ठिकाणी चुका काढल्या आणि म्हणाल्या, लॉरेटाचं व्याकरण तुझ्यापेक्षा बरं होतं.

२७ एप्रिल, शनिवार

कामाला सुरुवात. ब्रॅडॉकची चौदा माणसं, आठवडाभर कारखान्यात राबून सुट्टीच्या दिवशी आलेली. आधी घंटा, मग मनोऱ्याच्या कौलफळ्या. मी प्रत्येक नगावर जुन्या आकड्याशेजारी निळ्या रंगात नवा आकडा घालतोय. बायकांनी अंगणात चुली मांडल्या. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची पातळ धिरडी आणि भेंडीचं कालवण. पहिला घास जपून खाल्ला. मग तीन धिरडी झाली.

११ मे, शनिवार

आजचा दिवस वाईट.

पूर्वेची भिंत उतरवताना मी ओरडून सांगितलं की दोर डावीकडे ढिला सोडा. त्यांनी उजवीकडे सोडला. चौकट पिळवटली आणि वेदीमागची निळ्या काचेची चित्रखिडकी खाली येऊन फुटली. मी नको ते बोललो. पुन्हा लिहिण्यासारखं नाही. म्हणालो की तुम्हाला हे जमणार नाही, मुळात द्यायलाच नको होतं. मी गाडीत जाऊन बसलो आणि काचा वर केल्या.

थोड्या वेळाने आयेन आली आणि न विचारता शेजारच्या सीटवर बसली.

मग म्हणाली, "आमच्या गावचं चर्च तीनदा जाळलं. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर. दर वेळी आम्ही पुन्हा बांधलं. तिसऱ्या वेळी माझा भाऊ भिंत लिंपत होता. त्याला सारखं वाटायचं, भिंत वाकडी झाली. सगळ्यांवर ओरडायचा. आई म्हणाली, ओरडू दे त्याला. त्याची बायको पहिल्या आगीत गेलीय."

मी माझ्या बाजूची काच अर्धी खाली केली.

"दोर मीच धरला होता, बाबा. तुम्ही कुठल्या बाजूला म्हणालात ते मला ऐकू आलं नाही. आमची चूक. पण तुम्ही फार लवकर बोलता आणि तोंडातल्या तोंडात बोलता."

"लॉरेटा पण हेच म्हणायची."

"मग दोघींचं खरं असणार."

उतरलो. माफी मागितली, सगळ्यांची, मोठ्याने आणि सावकाश. मग काचेचे तुकडे चाळणीतून काढले. मोठे बावीस तुकडे शाबूत आहेत. पेट्रा गुडघ्यांवर बसून वेचत होत्या. त्या म्हणतात, शिशाच्या पट्ट्यांत बसवून जोडता येतील. पूर्वीचं चित्र होणार नाही, वेगळं काहीतरी होईल.

२ जून, रविवार

शेवटची फळी निघाली. ट्रक सात खेपांत सगळं घेऊन गेले. जोत्याच्या दगडांच्या आत आता फक्त माती. एवढीशी जागा! यात चर्च मावत होतं हे खरं वाटेना.

मेपलखाली जाऊन तिला सांगितलं की निघाले सगळे. एवढंच बोललो. तिथे आता ऊन चांगलं येतं.

२० जुलै, शनिवार

ब्रॅडॉकमध्ये चौकटी उभ्या राहिल्या. नवी ओकची तुळई मी स्वतः तासली. पंचवीस माणसांनी दोर ओढला आणि पश्चिमेची भिंत उठत गेली. या वेळी डावीकडे म्हणजे डावीकडे. गुडघ्याचे हाल आहेत. आयेनच्या घरी मला कायमची एक खोलीच दिलीय. तिच्या घरात सात माणसं आणि एक रेडिओ, सगळे एकाच वेळी बोलतात. तिथे मला रात्रभर गाढ झोप लागते. ब्रॅडॉकची हवा चांगली असावी.

१८ ऑगस्ट, रविवार

इतिहास लिहून संपवला. तिसऱ्या प्रकरणाचं नाव बदलून 'तळ्याकाठच्या रस्त्याने' केलं. चौथं प्रकरण या उन्हाळ्याचं, ते लिहिताना कुठे अडलो नाही. लेखक म्हणून लॉरेटाचं नाव घातलं होतं. पेट्रांनी खाली माझंही छापलं. मी म्हटलं, कशाला? त्या म्हणाल्या, "पेटीवर कुणाचं नाव होतं? एल्डन, तुम्ही हुशार आहात, पण किती सावकाश!" कशाबद्दल बोलत होत्या ते कळलं नाही.

१ सप्टेंबर, रविवार

आज पहिली उपासना झाली. कुठून सुरुवात करू?

नऊ वाजल्यापासून माणसं येत होती. ब्रॅडॉकचीच नव्हेत, तीन-तीन तासांच्या अंतरावरूनही. बायका पांढऱ्या कपड्यांत, हातात लाकडी क्रूस. आपली अकरा मंडळी पेट्रांनी व्हॅनमधून आणली. मी दारात उभा राहून माणसं मोजत होतो. दोनशे तीसला मोजणं सोडलं. त्या जमिनीवर कधी साठाच्या वर माणसं उभी राहिलेली नाहीत. नवी तुळई जुन्या लाकडाला जोडलेली, सांधे अजून मुरलेले नाहीत.

ढोल सुरू झाले आणि सगळे एकदम नाचायला लागले. नाचायला! जमीन खालीवर होत होती.

मी मागच्या बाजूने खाली शिरलो. जोत्याच्या आत जेमतेम रांगता येतं. बॅटरी लावून पाठीवर पडलो आणि तुळईला हात लावून राहिलो. वर पाचशे पावलं. लाकूड करकरत होतं, एकेक सांधा बोलत होता. लाकडावर नवा भार आला की ते असं बोलतं, भार नीट घेतला की गप्प होतं. मी वाट बघत राहिलो. सगळ्यात आधी ओक गप्प झाला. मग आडव्या तुळया. शेवटी उत्तरेच्या कोपऱ्यात एक कच्चकन आवाज झाला आणि तोही थांबला. नंतर फक्त ढोल आणि गाणं.

सगळं नीट बसलं होतं. मला वर जायला हरकत नव्हती.

पण उठता येईना. बॅटरी विझवली आणि तिथेच पडून राहिलो. आणि रडलो. लॉरेटा गेली त्या दिवशी मी रडलो नव्हतो, दफनाच्या वेळीही नाही. तेव्हा शवपेटी उतरवायचे दोर नीट धरलेत की नाही तेच बघत होतो. आज रडलो ते मोठ्याने, तोंड उघडं टाकून, तिचं नाव घेऊन. कितीतरी वेळ. वर दोनशे तीस माणसं गात होती, कुणालाही काही ऐकू गेलं नाही.

गाणं थांबलं तसं बाहेरून आयेनचा आवाज आला. "बाबा! तिथे खाली काय करताय?"

"तुळई बघत होतो."

"भार धरलाय का तिने?"

"धरलाय."

"मग या वर. प्रभुभोजन सुरू होतंय, लोक थांबलेत."

बाहेर आलो. अंगभर माती, केसांत कोळ्याची जाळी. तिने काही विचारलं नाही. डोक्यावरचा रुमाल सोडून मला दिला. तोंड पुसलं, हात पुसले आणि तिच्या मागोमाग आत गेलो. पुढच्या बाकावरची माणसं सरकली आणि मला बसायला जागा केली.